केळीच्या झाडाचा पत्ता

खानदेशात मी गेलो तो केळी बघायला नव्हे. साडूचं कुठे काही बिघडलंय का, ते बघायला गेलो. प्रवासाला निघणारी माणसं सहसा उदात्त कारणं सांगतात. माझं कारण हे होतं, आणि वाचकाला ते आधीच कळलेलं बरं. कारण पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्याच नजरेने पाहिलेलं आहे.

आमचं कऱ्हाडजवळ गुऱ्हाळ आहे. चुलाणात चिपाड जळतं, काहिलीत रस उकळतो, संध्याकाळी ढेपा पडतात. आजोबांच्या वेळी असंच होतं, वडिलांच्या वेळी असंच होतं, आणि यात काही बदलण्यासारखं आहे असं आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. माझी धाकटी मेहुणी सुनंदा शेतकी कॉलेजात शिकायला गेली आणि वर्गातल्या एका फैजपूरच्या मुलाशी लग्न करून केळीच्या मुलखात निघून गेली. त्याचं नाव प्रल्हाद. लग्नात तो अंगापेक्षा मोठा कोट घालून उभा होता. सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "तुम्ही थोरले. त्याला जरा सांभाळून घ्या." मी पुष्कळ वर्षं मोठ्या मनाने सांभाळून घेतलं. दुसऱ्याला सांभाळून घेण्यात जे सुख आहे ते घरच्या गुळातही नाही.

मग केव्हातरी त्याला सांभाळायची गरज उरली नाही. त्याची केळी समुद्रापलीकडे जायला लागली. माल भरायच्या शेडवर सौर पत्रे आले. पूर्वी घड उतरवला की केळीचं खोड कापून बांधावर फेकत. आता ते यंत्रात जातं, त्याचे तंतू निघतात, तंतूंचे कागद आणि पिशव्या होतात. आणि बागेतल्या प्रत्येक झाडाला नंबर. त्यावर मोबाइल धरला की झाड आपली हकिकत सांगतं. हे सगळं मला कसं कळलं? घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. प्रत्येक फोटो माझी बायको दोन बोटांनी मोठा करते आणि माझ्यापुढे धरते. काही बोलत नाही. तिला बोलायची जरूरच पडत नाही.

आमच्याकडेही काळ आला नव्हता असं नाही. गेल्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या दुकानवाल्याने विचारलं होतं की गूळ कोणत्या शेतातल्या उसाचा, चुलाणात काय जळतं, हे गिऱ्हाइकाला मोबाइलवर दिसेल का. मी त्याला आजोबांचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. मग मुलाने वेबसाइट काढली. पहिली ऑर्डर सुनेने दिली, ती चालते का ते बघायला. चालत होती.

थंडीत प्रल्हादचा फोन आला. पारोळ्याजवळच्या एका गावात त्याचे जुने स्नेही होते, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पण त्याच आठवड्यात त्याच्याकडे परदेशी ग्राहकाची तपासणी यायची होती, म्हणून त्याला बाग सोडता येत नव्हती. "दादा, तुम्ही येणारच आहात, तर वाटेतच आहे. आमच्या वतीनं तेवढं उभं राहा," तो म्हणाला. मी येणारच आहे हे बायकोने ठरवलं होतं आणि मला सोडून सर्वांना कळवलं होतं. मी तपासणीचं विचारलं. तो म्हणाला, पास झालो तर प्रमाणपत्र पुढे चालू. नाही तर कंटेनर थांबेल, आणि त्याच्या भरवशावर ज्या शेजाऱ्यांची केळी जातात त्यांचंही थांबेल. त्यातलं "नाही तर" माझ्या लक्षात राहिलं.

धुळे

धुळ्यात सकाळी उतरलो. पांझरेवरचा गार वारा आणि स्टँडबाहेरच्या चहाची वाफ, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. जेवायला ज्या हॉटेलात गेलो तिथे भिंतीवर पाटी होती, की आम्ही झाडं वाचवतो, म्हणून मेनू कागदावर ठेवत नाही. टेबलावरच्या चौकोनावर मोबाइल धरा. मी धरला. बराच वेळ एक चाक फिरत राहिलं. तेवढ्यात डोक्यावर मफलर बांधलेला म्हातारा वाढपी आला आणि त्याने अख्खा मेनू एका श्वासात म्हणून दाखवला. मी म्हटलं, मग हा चौकोन कशाला? तो म्हणाला, "मालकानं लावलाय. लोक त्याचा फोटो काढतात आणि मला विचारतात."

शेवभाजी मागवली. आता, तिखटाच्या बाबतीत आम्ही कृष्णाकाठचे लोक कोणाचं ऐकून घेत नाही. तांबड्या रश्श्यापुढे जगात काही आहे हे आम्हाला मान्य नाही. त्या काळपट तर्रीत जाड शेव बुडाली होती, मऊ झाली होती पण मोडली नव्हती. भाकरीचा पहिला घास घेतला आणि मला जरा वाईट वाटलं. हा या प्रवासातला पहिला घाव. मी दुसरी वाटी मागवली, आणि घरी फोनवर सांगितलं की ठीक होती.

पारोळ्याजवळ

लग्नाचं गाव पारोळ्याच्या किल्ल्यापासून फार लांब नाही. नवरीचे वडील, त्यांना सगळे नानाच म्हणत होते, मांडवाच्या दारात उभे होते. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, गुऱ्हाळाचंही सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी म्हटलं, फैजपूरच्या प्रल्हादचा साडू. त्यांनी दोन्ही हात धरले. "आसं सांगा ना भाऊ! मंग तुम्हीच आम्हना मोठा पाहुणा शेत." आणि मला पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं, फेटा बांधला, माझ्या नावाने नारळ दिला. माझ्या नावाने म्हणजे, माईकवरून "फैजपूरवाले साडू" असं पुकारून. आयुष्यात मिळालेला सर्वांत मोठा फेटा मी दुसऱ्याच्या पुण्याईवर घातला आहे.

आमच्याकडे मांडवाच्या दाराला आंब्याचे नि उंबराचे डहाळे असतात. इथे केळ होती, तीही नुसती खुंटं नव्हेत. दोन्ही बाजूंना घडासकट उभी झाडं, पानं वर एकमेकांत मिसळलेली, आणि घड असे लोंबत होते की उंच माणसाने वाकून आत यावं. या भागात केळी नाही, कापूस आहे. ही झाडं प्रल्हादने टेम्पोत घालून पाठवली होती. येणारा जाणारा तेच सांगत होता. "बठ्ठा फैजपूरना माल शे," एक जण म्हणाला आणि खोडावरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. बट्टी हाताने कुस्करून तिच्यावर वरण आणि तूप घ्यायचं असतं हे शेजाऱ्याने शिकवलं. जेवून बाहेर आलो तर केळीभोवती तरुण मंडळींचा घोळका. प्रत्येक खोडाला तागासारख्या कागदाची पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर तो चौकोन. मोबाइल धरला की प्रल्हादचा हसरा फोटो येई. पोरं हसत होती, नवरीच्या मैत्रिणी फोटो काढत होत्या.

मीही धरला. फोटो आला. खाली बागेचं नाव, झाड केव्हा लावलं, पाणी ठिबकचं. आणि सगळ्यांत खाली झाडाची सद्यस्थिती. घड, प्रतवारीत बाद. खोड, तंतूसाठी यंत्राकडे रवाना.

मी वर पाहिलं. बाद झालेला घड माझ्या डोक्यावर डौलाने लोंबत होता. यंत्राकडे रवाना झालेलं खोड मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करत होतं.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लिहून ठेवायला हवा, कारण तो पुन्हा होईल असं वाटत नाही. सगळ्या ग्रुपवर मिरवणारी ती हकिकत, समुद्रापलीकडच्या लोकांना दाखवायची ती पारदर्शकता, आणि तिच्या तळाशी सरळ सरळ खोटं. मी केळीचा फोटो काढला, पट्टीचा काढला, मोबाइलवरच्या पानाचा काढला. मग नानांना म्हटलं, माझाही एक काढा केळीशेजारी. फेटा घालून मी त्यात इतका प्रसन्न दिसतो आहे की बायकोने तो अजून पुसू दिलेला नाही.

धरणगाव

लग्नात धरणगावचे एक जिनिंगवाले शेठ भेटले. त्यांनी गाडीतून नेण्याचं कबूल केलं, आणि वाटेत त्यांची जिनिंग बघायला लावली. कापसाच्या डोंगरांमध्ये बायका डोक्याला सुती फडकी घट्ट बांधून बसल्या होत्या, कारण केस पडलेला कापूस आता ग्राहक घेत नाही. प्लास्टिकचा धागा तर अजिबात नको. पण शेतकरी कापूस आणतो प्लास्टिकच्याच पोत्यात. म्हणून फाटकाशी माणूस ठेवलाय, पोती उसवून कापूस चादरीवर ओतून घ्यायला. प्रत्येक गाठीला नंबर आहे. शेठ हे सगळं सांगत होते ते एखादा माणूस पथ्य सांगतो तसं.

मी म्हटलं, आमच्या साडूंकडेही नंबर आहेत. "त्यांचं काय हो," ते म्हणाले, "त्यांची केळी बोलतात. आमची गाठ मुकी. परदेशातल्या बाईनं शर्ट घेतला तर तिला काय ठाऊक, धरणगाव कुठं आहे ते."

त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच रंग दिसला. परक्या मुलखात आपल्या भाषेतलं कोणी भेटावं तसं झालं. चहा पिता पिता मी मोबाइल काढून फोटो दाखवले. शेठनी दोनदा वाचले, मग हसू दाबत म्हणाले, "तपासणीवाल्यांनी हे पाहिलं तर संपलं. माल खराब निघाला तर ते समजून घेतात. खोटी नोंद निघाली तर नाही घेत."

मी फोन खिशात ठेवला. खिसा चांगलाच उबदार वाटला.

फैजपूर

तापी ओलांडली की केळी सुरू होते, आणि मग दुसरं काही दिसतच नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या भिंती आणि त्यांच्या वर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. आमच्याकडे उसाचं रान वाऱ्यावर सळसळतं, जरा भांडकुदळ वाटतं. केळीची बाग आत शिरलं की गप्प करते. मला ती आवडली नाही असं मी ठरवलं होतं.

प्रल्हाद फाटकापर्यंत आला, वाकून नमस्कार केला. कोट आता त्याला बरोबर बसतो. सुनंदाने घर दाखवलं, सून रेणुकाने शेड दाखवली. रेणुका संगणक शिकलेली मुलगी, झाडांच्या नोंदी तीच बघते. शेडमध्ये फण्या पाण्यातून तरंगत येत होत्या, बायका त्यांना पुसून पेटीत निजवत होत्या. यंत्र खोड गिळत होतं आणि दुसरीकडून ओले पांढरे तंतू बाहेर येत होते, दोरीवर वाळत घातलेले. मी चूक शोधत फिरत होतो. एका कोपऱ्यात प्लास्टिकचा चहाचा कप दिसला तेव्हा बरं वाटलं, पण तो माझाच निघाला, गाडीतून आणलेला.

संध्याकाळी भरिताचा बेत होता. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, तेलात ठेचलेली मिरची, कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पण प्रमाणपत्राच्या अटीप्रमाणे बागेत काही जाळायचं नाही. म्हणून वांगी बांधापलीकडे शेजाऱ्याच्या रानात भाजत होते, आणि प्रल्हादची आई, सगळ्यांच्या अक्का, बांधाच्या अलीकडे खुर्ची टाकून भाजण्यावर देखरेख करत होत्या. धूर मात्र वाऱ्याने अलीकडेच येत होता. अक्का म्हणाल्या, "त्याले काय नंबर लावता येत नाही." त्यांच्या बोलीत ळ चा य होतो; केळी त्यांच्या तोंडी केयी असते, आणि ती अधिक पिकलेली वाटते.

मांडवातले ते फोटो मी जेवताना सगळ्यांपुढे ठेवणार होतो. सुनंदासमोर, हसत हसत, सहज म्हणून. पण भरीत समोर आलं आणि बोलणं राहिलं. मग म्हटलं, उद्या, तपासणी संपल्यावर. पाहुण्याने घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासनीस आल्या. पुण्याच्या, तिशीच्या आसपासच्या, नाव गौरी, पायात चिखलाचे बूट, बोलणं मऊ. मी मनातल्या मनात कोणी रुबाबदार साहेब उभा केला होता. या बाईंनी आधी अक्कांना नमस्कार केला. मग कामाला लागल्या. पाणी पाहिलं, औषधांची खोली पाहिली, कामावरच्या बायकांना घरचं विचारलं. मी मागे मागे होतो. मला कोणी हाकललं नाही आणि कोणी काही विचारलंही नाही.

दुपारी शेडमध्ये रेणुकाने पडद्यावर नकाशा लावला. कोणत्या झाडावर कोणी, कुठे मोबाइल धरला, तिथे ठिपका उमटतो. बागेत ठिपके होते, शेडमध्ये होते, दूर आखाताच्या किनाऱ्यावर दोनचार होते, आणि पारोळ्याजवळ एक दाट पुंजका होता, गोवर उठल्यासारखा. त्यातला एक ठिपका माझा.

गौरीबाईंनी पुंजक्यावर बोट ठेवलं. "ही झाडं तंतूसाठी गेली असं नोंदीत आहे. मग इथं काय करताहेत?"

यंत्र चालू होतं, ते प्रल्हादने हाताच्या खुणेने बंद करायला सांगितलं. रेणुकाचा चेहरा उतरला. ती म्हणाली की झाड बागेबाहेर गेलं की त्याचं काय झालं ते निवडावं लागतं. तंतू, खत, चारा, एवढेच पर्याय आहेत. मांडवाला दिलं, असा पर्याय नाही. काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून तिने नेहमीचं निवडलं. आणि घड? घड बाद दाखवला नाही तर तो पेटीत का नाही, असं विचारलं जातं. बोलता बोलता तिचा आवाज इतका बारीक झाला की शेवटचं मला ऐकू आलं नाही.

"सरळ लिहून विचारायचं होतं आम्हाला," गौरीबाई म्हणाल्या. "आता ही खोटी नोंद झाली. आणि मला तुमचं म्हणणं खरं वाटतं, पण मला वाटलेलं लिहिता येत नाही. ही झाडं बाजारात विकून नंबर तेवढे इथे दाखवले, असं उद्या कोणी म्हटलं तर?"

प्रल्हाद काही बोलला नाही. तो नेहमी भरपूर बोलतो; त्याच्या गप्प बसण्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती. त्याच्याऐवजी अक्का बोलल्या. "मांडवाले देल्लं मोजत नसतेत, बाई. मोजलं, त मंग ते देल्लं कसं?"

गौरीबाईंनी मान डोलावली, पण पेन उघडलं.

माझ्या खिशात फोटो होते. गप्प बसलो असतो तर मला काहीही करावं लागलं नसतं. जे व्हायचं ते आपोआप झालं असतं, आणि मी परत जाताना हळहळ व्यक्त केली असती. मी ती मनात जुळवूनही ठेवली होती. तरी मी पुढे झालो. चांगुलपणाने झालो, असं सुनंदा आता सर्वांना सांगते. तसं नाही. सकाळपासून त्या शेडमध्ये सगळं काही साडूचं होतं. यंत्र त्याचं, तंतू त्याचे, संकटसुद्धा त्याचंच. त्याच्याकडे नाही असं एकच काहीतरी माझ्याकडे होतं. ते दाखवल्याशिवाय मला राहवेना.

"मी होतो तिथे," मी म्हणालो आणि मोबाइल पुढे केला.

गौरीबाईंनी फोटो नीट पाहिले. पट्टीवरचे नंबर जुळवले. फेट्यातला मी पाहून त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "पानाचाही फोटो काढलात? तंतूसाठी रवाना लिहिलेल्या पानाचा? का बरं, काका?"

प्रल्हाद माझ्याकडे बघत होता. सुनंदाही. मी म्हणालो, नवलाई म्हणून. गौरीबाईंनी मला जेवढं पाहायचं तेवढं पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. तपासणी करणाऱ्या माणसांत हा गुण असतो, की कोणतं भोक आपल्या कक्षेत नाही ते त्यांना कळतं.

लग्नापर्यंत झाडं पोचली हे ठरलं, पण त्यांचा शेवट कुठे झाला? रेणुकाने नानांना फोन लावला, चित्र दिसेल असा. नाना मांडवाचे खांब उपटत होते. प्रश्न कळल्यावर ते मोबाइल घेऊन चालत गोठ्याकडे निघाले. पडद्यावर आधी आभाळ, मग त्यांचा अंगठा, मग एक म्हैस दिसली. तिच्या तोंडातून केळीचं पान लोंबत होतं आणि पुढ्यात सोललेली खोडं पडली होती.

"हाई देखा ताई," नानांचा आवाज आला. "घड पाहुणासनी खादात, बाकी बठ्ठं म्हशी खाई राहयन्यात. कायबी वाया गयं नही." मग त्यांनी कॅमेरा पुन्हा म्हशीकडे नेला आणि तिला म्हणाले, जरा वर बघ. तिने बघितलं नाही.

"चारा," गौरीबाई म्हणाल्या. "चारा चालतो."

त्यांनी लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवलं. किरकोळ त्रुटी, नोंद दुरुस्त केली, प्रमाणपत्र चालू राहील. मात्र यापुढे बागेतून जे झाड जाईल, भेट म्हणून असलं तरी, त्याची नोंद ते कापण्याआधी झाली पाहिजे. रेणुका लगेच म्हणाली की ती "मांडव" असा चौथा पर्याय टाकायला सांगेल. तिला सुटल्यासारखं झालं होतं. प्रल्हादही मोकळा श्वास घेऊन हसू लागला होता. सगळ्यांचं सगळं जमलं होतं.

अक्कांचं तेवढं जमलं नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "रस्त्याकडची वय, कडेची, तिचं पाणी बरं आहे ना रे?"

वय म्हणजे ओळ. प्रल्हादला कळलं. मलाही कळलं, आणि कळायला नको होतं. ती त्याची सगळ्यात चांगली ओळ होती; येणाऱ्या पाहुण्यांना तीच दाखवत, मलाही तीच दाखवली होती. तो सुनंदाकडे बघत राहिला. तिने मान हलवली, हो म्हणून नव्हे, तू ठरव म्हणून. मग तो गौरीबाईंना म्हणाला, "ही ओळ नकाशातून काढा. हिच्यातलं केळं पेटीत जाणार नाही, मांडवालाच जाईल."

त्या म्हणाल्या, नंबरच्या झाडांपासून अंतर सोडावं लागेल, शेजारची ओळही जाईल. तो म्हणाला, जाऊ द्या. तसाच बाहेर गेला आणि कडेच्या झाडांच्या पट्ट्या काढत निघाला. अक्का त्याच्यामागे काठी टेकत चालल्या होत्या आणि मोजत नव्हत्या.

रात्रीच्या जेवणाआधीच, रेणुकाने नोंदीसाठी घेतलेला माझा फेट्यातला फोटो ग्रुपवर आला होता. प्रल्हादने खाली लिहिलं होतं की दादा नसते तर आज आमचं काही खरं नव्हतं. बायकोचा फोन आला. इतकी वर्षं जे ऐकायची माझी इच्छा होती ते सगळं ती बोलली, आणि मी तिला भरीत कसं झालं होतं तेच सांगत राहिलो. त्याला कळलं असेल का, मी ते फोटो कशासाठी काढले होते? कळलं असेल असं मला वाटतं. त्याने ते अगदी व्यवस्थित सांभाळून घेतलं.

सकाळी निघालो तेव्हा अक्का दारात होत्या. तुमच्या नातीचं कधी, असं त्यांनी विचारलं. नात अजून शाळेत जाते म्हटल्यावर म्हणाल्या, "असू द्या. निरोप धाडजा. त्या वयीतल्या केयी पाठवू, कऱ्हाडले."

मी हो म्हणालो. बस तापीवर आली तोवर मी मनात पुष्कळ काही ठरवून टाकलं होतं. चुलाणाचा धूर कमी करता येईल, चिपाडाचं काही करता येईल. मुलगा म्हणतो तसा ढेपेवर चौकोनही लावता येईल, आणि दुकानवाल्याला पुन्हा पत्र घालता येईल. सौर पत्रे, यंत्र, नंबर, यांत प्रल्हादला गाठणं मला अशक्य नाही. उशीर होईल, एवढंच. पण नंबर लावून झाल्यावर ज्याच्यावरून तो काढून टाकावासा वाटेल, असं आमच्या गुऱ्हाळात काय आहे, ते आठवायचा मी जळगाव येईपर्यंत प्रयत्न करत होतो, आणि जळगाव आलं.